भिंतीवरची चिमा

खारव्याच्या घरात जन्मलेल्या पोराला बोट लागावी, याला काय म्हणायचं? महिपतला लागायची. बापाबरोबर पहिल्यांदा समुद्रात गेला तो जाताना रडला आणि येताना ओकला, आणि अख्ख्या वाडीने त्याला तेव्हाच मोडीत काढलं. बाप म्हणाला, ह्याचा होडीवर काही उपयोग नाही, ह्याला बाजारात कुठेतरी चिकटवा. असा तो रत्नागिरीच्या बाजारपेठेत एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे चिकटला. त्या म्हाताऱ्याला सगळे मास्तर म्हणत.

मास्तरांच्या मते फोटो काढणं हे अर्धंच काम. खरं काम पुढे. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड सोडायचा आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीने माणूस दुरुस्त करायला बसायचं. देवीचे वण गेले, पुढचे दात मागे सरले, बसकं नाक थोडं वर आलं. छापल्यावर उरलंसुरलं ब्रशने. याला मास्तर फिनिशिंग म्हणत, आणि महिपतचा हात त्यात असा बसला की चार वर्षांत मास्तरच त्याला विचारायला लागले.

त्या काळी स्टुडिओची चूल पेटायची ती स्थळाला पाठवायच्या फोटोंवर. मुलगा मुंबईला, मुलगी इकडे, मध्ये टपालाचं पाकीट. महिपतच्या हातचा फोटो गेला की मुलगा बघायला येतोच, अशी पंचक्रोशीत ख्याती झाली. आल्यावर काय व्हायचं ते होवो, पण येत तरी असे. आणि मास्तरांचा एक दंडक होता. फिनिशिंग झालेल्या फोटोची नवी निगेटिव्ह काढायची आणि कच्ची कात्रीने कापून स्टोव्हवर धरायची. लग्नाच्या मुलीचा कच्चा फोटो उद्या भलत्याच्या हाती पडला तर तिच्या संसारात विस्तव पडेल, असं ते म्हणत. महिपतने ती खूणगाठ बांधली. मास्तर गेले, स्टुडिओ त्याचा झाला, पेन्सिल जाऊन कॉम्प्युटर आला, पण दंडक तोच. पक्का फोटो ठेवायचा, कच्चा पुसून टाकायचा. त्यात त्याला धर्म केल्यासारखं वाटायचं.

स्वभावाने म्हणाल तर महिपत तापट. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की राजा तो. हनुवटी खाली म्हटल्यावर कुणी वर केली तर, "खाली म्हणजे जमिनीकडे, देवाकडे नव्हे," असं फाडकन बोलायचा. पण पोटात पाप नाही. लोक शिव्या खात आणि परत त्याच्याकडेच येत. मग मोबाइल आले, जो तो आपला आपण फोटो काढायला लागला आणि महिपतकडे उरले पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम आणि मेलेल्यांचे मोठे करून द्यायचे फोटो. तरी स्टुडिओ चालत होता. एका दुकानाच्या माडीवर, अरुंद लाकडी जिन्याने चढून जायचं, वर धबधब्याचा रंगवलेला पडदा आणि दोन मोठे दिवे.

त्या जिन्याखाली एका सकाळी रिक्षा येऊन थांबली. मासळीबाजारात बसणारी हौसा धापा टाकत वर आली. हौसाला महिपत चांगला ओळखायचा. तिच्या तीन मुलींचे लग्नाआधीचे फोटो त्यानेच काढलेले. शकू, रुचिरा आणि धाकटी दिशा. तिघींची लग्नं झाली, तिघी आपापल्या घरी सुखात. हौसाला चौथी मुलगी आहे, आणि ती या तिघींहून थोरली आहे, हे मात्र त्याला त्या दिवशी कळलं. तिचं नाव चिमा. जन्मताना अडली, तेव्हापासून हातपाय आखडलेले, मान डाव्या खांद्यावर पडलेली. खाली रिक्षात आहे, फोटो काढायचा आहे, म्हणाली.

महिपत म्हणाला, घेऊन या वर. मग जिन्याकडे बघून म्हणाला, थांबा, मीच येतो. कॅमेरा गळ्यात अडकवून तो खाली आला, रिक्षावाल्याला बाजूला व्हायला सांगितलं, उजेड कुठून येतो ते पाहिलं. आत पस्तिशीची बाई बसलेली. केसांत अबोली, नवीकोरी साडी, मांडीवर वाकडी बोटं एकमेकांत धरून ठेवलेली. त्याने कॅमेरा उचलला तशी तिने तोंड फिरवलं.

"रिक्षातला नको," ती म्हणाली. एकेक शब्द तिला ओढून काढावा लागत होता, पण शब्द स्वच्छ होते. "घरी येऊन काढतात तो सरकारी कार्डाचा फोटो. मला स्टुडिओतला पायजे. शकूचा हाय तसा."

महिपतने दोन हमाल बोलावतो म्हटलं, खुर्चीसकट उचलून वर नेतील, काही त्रास नाही. त्यावर ती म्हणाली, मी काय पोतं आहे का? रागाने नाही म्हणाली, खरंच विचारल्यासारखं म्हणाली. हौसा बिचारी दोघांकडे बघत राहिली. लेकीला समजावू लागली, अगो, फोटो तो फोटो, इथे काय आणि वर काय. पण चिमाने ऐकलं नाही, आणि रिक्षा आली तशी भाट्याच्या पुलाकडे परत गेली.

महिपत वर आला आणि धबधब्याच्या पडद्यासमोर नुसता बसून राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तीस वर्षं तो म्हणत आला होता की रत्नागिरीतला एक माणूस माझ्या कॅमेऱ्यातून सुटला नाही. आणि जिन्याखालूनच परत गेलेली माणसं त्याला कधी दिसलीच नव्हती, कारण ती वर आलीच नव्हती. त्याने लग्नाचे जुने अल्बम काढून चाळले. एवढ्या घरांत कुणाचा पाय अधू नसेल, कुणी खाटेवर नसेल, हे शक्य आहे का? अल्बममध्ये मात्र एकही नव्हतं. सगळे आपले सरळ, उभे, हसरे.

जेवताना त्याने बायकोला, गोदाला, सांगितलं की स्टुडिओ खाली आणायचा. खाली दुकानाला लागून एक गाळा बरेच दिवस रिकामा होता, मालक द्यायला तयार होता. गोदा म्हणाली, एका फोटोसाठी कुणी दुकान हलवतं का? उद्या तिच्या घरी जा आणि चांगला फोटो काढून ये. महिपत म्हणाला, तिला घरचा नको आहे. गोदा म्हणाली, मग तिची मर्जी. पण गोदा बोलायला तिखट, मागे राहणारी नव्हे. दोन दिवस बडबडली आणि तिसऱ्या दिवशी गाळा झाडायला स्वतःच खराटा घेऊन उतरली.

गंगाराम गवंडी आला. रस्त्यापासून दारापर्यंत जांभ्या दगडाचा उतार बांधायचा, दार रुंद करायचं, हे त्याने ऐकून घेतलं. उंबरा फोडायचा म्हटल्यावर मात्र हातातली थापी खाली ठेवली. म्हणाला, उंबऱ्यावर लक्ष्मी असते, धंद्याच्या जागेचा उंबरा माझ्या हाताने मी काढणार नाही. गोदालाही ते पटलं. महिपत तापला. म्हणाला, लक्ष्मीला पाय आहेत, ती ओलांडून येईल. ज्यांना ओलांडता येत नाही त्यांचं बोल. शेवटी त्यानेच घण घेतला आणि उंबरा फोडला. गोदाने नारळ फोडून क्षमा मागितली, तेव्हा कुठे गंगारामने पुढचं काम हातात घेतलं.

पहिला उतार तर असा चढा झाला की विचारू नका. महिपतने कुणाची तरी चाकाची खुर्ची मागून आणली, स्वतः तीत बसला आणि जोर लावून वर चढायला निघाला. अर्ध्यावर हात थकले आणि खुर्ची उलटी घरंगळत थेट गटारात. अख्खा बाजार जमा झाला. आठवडाभर लोक त्याला, काय मग, आज बोट लागली नाही ना, असं विचारत होते. गंगारामने मुकाट्याने ती घसरगुंडी फोडली आणि दुप्पट लांबीची नवी बांधली.

त्या पडण्यातून महिपतला एक शहाणपण आलं. जिच्यासाठी हे करायचं तिलाच विचारलेलं नाही. तो पूल ओलांडून खाडीकाठच्या त्यांच्या वाडीत गेला आणि हौसाकडे चिमाची चौकशी करायला लागला. चिमा म्हणाली, मला विचारा की, मी इथेच आहे. तो ओशाळला. मग तिने सगळं सांगितलं. आरसा खाली आणा, मला माझे केस बघून विंचरून घ्यायचे आहेत. बसायला दोन्ही बाजूंनी आधार असलेली खुर्ची ठेवा. एकदम दिवा चमकला की माझं अंग दचकतं आणि हात उडतात, तेव्हा चमकणारा दिवा नको. संडासचं दार मोठं करा. आणि माझं बोलणं संपेपर्यंत थांबा, मधेच माझं वाक्य पुरं करू नका. महिपत ऐकत गेला. जन्मभर लोकांना खाली बघा, वर बघा सांगणारा तो माणूस, पण तिच्यापुढे शाळेतल्या पोरासारखा बसला होता.

एवढं सगळं त्याने विचारलं. एकच विचारायचं राहिलं, आणि ते विचारायचं असतं हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

दिवाळीनंतर स्टुडिओ खाली सुरू झाला. चिरेखाणीत पाय गेलेला निलेश पासपोर्टचा फोटो काढायला आला आणि उतारावरून कुबड्या टेकत आत जाऊन म्हणाला की बाजारात कुणाच्या दुकानात मी असा एकटा शिरलो नव्हतो. देवरूखहून एक मुकं-बहिरं जोडपं आलं, त्यांच्याशी महिपत हातवारे करून इतकं बोलला की घसा बसल्यासारखा दमला. पण बाजार तो बाजार. लोकांनी नाव पाडलं, लंगड्यांचा स्टुडिओ. लग्नाच्या मुलींना घेऊन येणारे चार जुने लोक दुसरीकडे जायला लागले. शुभकार्याचा फोटो तिथे कशाला, म्हणे. गोदाच्या कानावर हे आलं तेव्हा ती रडली. महिपत म्हणाला, जाऊ दे, आपण कुठे त्यांच्यासाठी बांधलाय. पण त्यालाही लागलं होतं, आणि चिमा कधी येते याची तो वाट बघत होता. ती आली म्हणजे हे सगळं फिटेल, असं त्याला वाटत होतं.

ती आली तो दिवस शनिवारचा. वांगी रंगाची साडी, शिबिरात मिळालेली जुनी चाकाची खुर्ची. हौसा मागून ढकलत होती, पण उतार आला तसं चिमाने तिला थांबायला सांगितलं आणि एका हाताने चाक रेटत, दम खात, वेळ लावत स्वतःच दारापर्यंत आली. उंबरा नव्हता. ती सरळ आत गेली. महिपत दारात उभा होता.

गोदाने तिला आरशासमोर नेलं. घरी हौसाचा हातात धरायचा आरसा, त्यात एका वेळी एक डोळा नाहीतर कुंकू दिसायचं. स्वतःला असं सबंध तिने पहिल्यांदाच पाहिलं. बघत राहिली. भांग बाजूला पाड म्हणाली, मग नको, मधेच बरा म्हणाली. गोदाने दोनदा केस सोडून दोनदा बांधले आणि एका शब्दाने कुरकुरली नाही.

मग ती दोन्ही बाजूंनी आधाराच्या खुर्चीत बसली. मान सरळ करा, हे महिपतच्या जिभेवर आलं आणि त्याने गिळलं. तो घाई न करता कॅमेऱ्यामागे बसला आणि तिला आपल्या पहिल्या समुद्रसफरीची गोष्ट सांगायला लागला. बाप कसा शिव्या घालत होता, आपण कसे जाळ्यात ओकलो, आणि ती जाळी धुवायला अर्धी वाडी कशी लागली. चिमा आधी नुसती ऐकत होती. मग हसली. हसली ती अंगभर हसली. मान पार खांद्यावर गेली, तोंड उघडं पडलं, वाकडी बोटं हवेत वर गेली आणि डोळ्यांतून पाणी आलं. महिपतने बटण दाबलं.

छोट्या पडद्यावर त्याने तो फोटो पाहिला. जन्मात असा फोटो त्याच्या हातून निघाला नव्हता. गोदाने मागून डोकावून पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला. चिमाला दाखवायचं कुणाला सुचलं नाही. कच्चा फोटो गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही, ही मास्तरांची शिकवण. तयार झाला की फ्रेम करून मीच घरी घेऊन येतो, असं महिपतने सांगितलं.

जित्याची खोड म्हणतात ती हीच. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कॉम्प्युटरसमोर बसला. आधी साडीवरची सुरकुती काढली. ती काढायचीच असते. मग ओठाच्या कडेला लाळेचा ओला डाग चमकत होता तो पुसला. मग बोटं. फार नाही, जरा मोकळी केली. बोटं मोकळी झाल्यावर मनगट आखडलेलं दिसायला लागलं, ते सोडवलं. मग मान थोडी उचलली. मान उचलली तसा खांदा विचित्र दिसू लागला, तो खाली आणला. तोंड जरा मिटलं. हात आपोआप चालत होता, जसा चाळीस वर्षं चालत आला होता, आणि मनात काय होतं विचाराल तर नुसतं प्रेम होतं. कुणाच्या मुलीचं त्याने एवढं जीव ओतून केलं नव्हतं. तिघी बहिणींचं केलं, मग हिचं कमी का करायचं?

गोदा चहा घेऊन आली. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ही शकूसारखी दिसते हो."

महिपतला ती शाबासकी वाटली. बहीणच ती, दिसणारच, असं तो म्हणाला. मग दंडकाप्रमाणे त्याने कच्चा फोटो पुसला आणि कॅमेऱ्यातलं कार्डही साफ केलं, कारण दुसऱ्या दिवशी एका हळदीला जायचं होतं.

आठवड्याने तो फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून वाडीत गेला. पडवीत शिरला तर समोरच्या भिंतीवर फोटोंची रांग. हौसाचा मेलेला नवरा, मग शकू, रुचिरा, दिशा, सगळे त्याच्याच हातचे. रांगेच्या शेवटी खिळा ठोकून ठेवलेला, रिकामा. चिमा त्या भिंतीसमोरच्या खाटेवर उशांना टेकून बसली होती. दिवसभर ती तशीच असते, तोंड भिंतीकडे, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

हौसाने हात पुसून कागद सोडला. तिने फ्रेम कपाळाला लावली. मग शेजारणींना हाका मारल्या, बघा गो, माझी चिमा बघा, म्हणून. बायका जमल्या. कुणी म्हणाली हिला कुणाची दृष्ट लागली होती, कुणी म्हणाली हुबेहूब शकू. हौसा काचेवरून बोटं फिरवत होती आणि पुन्हापुन्हा तेच म्हणत होती. "अशीच असती गो ती. माझं बाळंतपण नीट झालं असतं तर अशीच असती."

मग कुणाला तरी आठवलं आणि फ्रेम चिमासमोर धरली. तिने पाहिलं. आरशात पाहिलं होतं तसंच, सावकाश, वरपासून खालपर्यंत. महिपत तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, ती हसेल म्हणून. ती हसली नाही.

"ही कोण?" तिने विचारलं.

बायका हसल्या. हौसा म्हणाली, अगो येडे, तूच. चिमाने आईकडे पाहिलं, आणि आईच्या तोंडावरचा आनंद बघून ती गप्प झाली. हौसा फ्रेम घेऊन खिळ्याकडे गेली, बायका तिच्यामागे गेल्या, तेव्हा तिने महिपतला जवळ यायला खूण केली. तो वाकला.

"रस्ता केलात," ती म्हणाली. मध्ये बराच वेळ गेला, पण तो थांबला, कारण थांबायचं त्याला तिनेच शिकवलं होतं. "आरसा खाली आणलात. आणि मी आत आल्यावर मलाच काढून टाकलंत."

जे त्याला गोदाच्या बोलण्यातून कळायला हवं होतं, जे त्या हसऱ्या फोटोत लख्ख दिसत होतं, ते आता त्याला दिसलं. जिना गेला, उंबरा गेला, आणि आडवा राहिला तो त्याचाच हात. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत हसत म्हणतो. पण मारुती झाला तरी देवच होतो. इथे माणूसच नाहीसा झाला होता. तो कसाबसा म्हणाला की खरा फोटो आहे माझ्याकडे, उद्याच आणतो.

पण कुठून आणणार? स्टुडिओत येऊन त्याने कॉम्प्युटर पालथा घातला. गोदाच्या भाच्याला बोलावून कार्डावर पुसलेलं परत येतं का ते बघायला लावलं. हळदीचे शेकडो फोटो त्यावर चढले होते, खालचं काही उरलं नव्हतं. गोदा शेजारी बसून होती. महिपत आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना शिवी घालून रडला.

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हाताने वाडीत गेला. हौसा बाजारात गेली होती. भिंतीवर रांगेच्या शेवटी ती लागलेली होती, सरळ मानेची, मिटल्या ओठांची, मांडीवर हात ठेवून बसलेली कुणी चांगल्या घरची मुलगी. खाटेवर चिमा होती. महिपतने तिला खरं ते सांगितलं, की तुझा फोटो मी पुसून टाकला, आता तो कुठेच नाही. पाया पडतो, पण पुन्हा ये. या वेळी हात लावणार नाही, तुझ्यादेखत छापतो आणि ही फ्रेम काढून तो लावतो.

चिमा भिंतीकडे बघत होती. म्हणाली की काल रात्री आये भिंतीवरच्या तिच्याशी बोलत होती. दिवसभराचं सगळं सांगत होती. बांगडा किती गेला, सुरमई कुणी नेली. "माझ्याशी तसं कधी बोलत नाय. मला विचारते, भूक लागली का, कूस बदलू का. पस्तीस वर्षं तेवढंच विचारते."

"मी सांगतो तिला," महिपत म्हणाला. "चूक माझी आहे."

"नको. ती कधी नाय ती हसली काल." मग ती थांबली. महिपतही थांबला. "दुसरा काढलात तरी लावणार कुठे, काका? चिमाची जागा भरली."

तो उठायला लागला तसं तिने विचारलं, एक काम कराल का? त्याने मान हलवली. एवढी खाट फिरवा, म्हणाली. दाराकडे तोंड करून द्या.

खाट शिसवीची, जड. महिपतने आधी पायथा उचलला, मग डोक्याकडची बाजू, ती दचकू नये म्हणून सावकाश सरकवत, आणि तिची उशी नीट केली. आता तिच्यासमोर दार होतं, दारातून अंगण आणि अंगणापलीकडे ओहोटी लागलेली खाडी. भिंत तिच्या पाठीमागे गेली. महिपतला तिच्याकडे बघवेना आणि निघवेनाही.

एवढ्यात हौसा रिकामी टोपली घेऊन आली. खाट फिरलेली बघून थबकली आणि काय झालं म्हणून विचारलं. महिपतने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी चिमा बोलली. आज तिचे शब्द भराभर आले.

"इकडून वारा बरा लागतो, आये."

हौसाने बरं म्हटलं. टोपली खाली ठेवली, लेकीच्या पाठीमागे जाऊन फोटोच्या काचेवर साठलेला दमटपणा पदराने पुसला, आणि तिथेच उभी राहून आज बाजारात काय काय झालं ते सांगायला लागली.